घरचे हात

त्याने आधी जॅकेट ओळखलं, माणूस नंतर. वाइनच्या रंगाचं, कॉलरला काळ्या साटीनची पट्टी लावलेलं, कोपरांवर विरत आलेलं ते जॅकेट मंचाच्या डाव्या पडद्यामागून बाहेर आलं, आणि त्याच्या मनात आलेला पहिला विचार अगदीच बावळट होता: बाबांचं जॅकेट कुणीतरी पळवलं. मग निवेदक ओरडला, "आणि आता, रसिकहो, जरा सावरून बसा! एक गळा, दोन आवाज! ज्यांना सगळी दुनिया 'दुहेरी' म्हणून ओळखते ते आपले लाडके, आपले ज्येष्ठ कलाकार!" ड्रम, ट्रम्पेट, दोन-दोन कीबोर्ड असं सगळं एकदम सुटलं, मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, आणि जॅकेटच्या आत बाबा होते. सकाळी भांग पाडून, रुमालाची घडी खिशात घालून, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो रे" म्हणून निघालेले बाबा. सुट्टीच्या दिवशी कुठला डॉक्टर दवाखाना उघडून बसतो, हा साधा प्रश्न त्याला सकाळी पडला नव्हता. तो आत्ता पडला, आणि त्याचं उत्तर समोर मंचावर वाकून नमस्कार करत होतं.

तो खुर्चीत थोडा खाली सरकला. खाली सरकण्याइतकी ती खुर्ची सैल नव्हती, आणि दोन्ही बाजूंना माणसं होती. उजवीकडे मोठे साहेब, डावीकडे साहेबांच्या पत्नी, ज्यांना ऑफिसात सगळे बाईसाहेब म्हणत. दोघांच्या मधली जागा मुद्दाम त्याला दिलेली होती. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो नुकताच सेवा विभागाचा प्रमुख झाला होता, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ साहेबांनी सगळ्या विभागाला ऑर्केस्ट्राला आणलं होतं. कोणता ऑर्केस्ट्रा, कोण गाणार, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारून कोण काय करणार होतं? तिकिटावर फुगीर अक्षरांत 'सुरांचा धुमाकूळ' एवढंच छापलेलं होतं, आणि ते वाचून त्याला बरंच वाटलं होतं, की चला, आपल्या लहानपणी बाबा ज्या ऑर्केस्ट्रा-पार्टीत गायचे तिच्याशी याचा काही संबंध दिसत नाही. पार्ट्या नावं बदलतात, हे त्याला माहीत असायला हवं होतं. त्याच्या लहानपणी एकाच पार्टीने एकामागून एक नावं बदलली होती, आणि प्रत्येक वेळी बाबांनी घरी येऊन नवं नाव असं सांगितलं होतं, की जणू घरात बारसंच होतं. आणि आता "मी सोडलं ते सगळं" म्हणून सांगितल्यावर बाबा पुन्हा तिथे उभे होते, प्रकाशाच्या पिवळ्या गोल डबक्यात, आणि त्यांचा माइक उजव्या हातात होता.

उजव्या हातात माइक म्हणजे पुरुष. हे सभागृहात फक्त त्यालाच माहीत होतं. बाबा उजव्या खांद्याने पुढे झाले आणि भरदार, जरासा खरखरीत आवाज लावून त्यांनी द्वंद्वगीताची पहिली ओळ टाकली. लोकांनी मान डोलावली, बरं गातोय म्हातारा. मग त्यांनी माइक डाव्या हातात घेतला, टाचेवर गिरकी घेतली, हनुवटी खांद्याला टेकवली आणि त्याच ओळीचं उत्तर एका तरुण, लाडिक, पातळ बाईच्या आवाजात दिलं. क्षणभर सभागृहाला कळेचना. काहींनी पडद्याकडे मान वळवून पाहिलं. आणि मग जो गलका उठला त्यात खुर्च्या थरथरल्या. बाईसाहेब "अगंबाई!" म्हणून दोन्ही हात गालांवर ठेवून हसत होत्या. त्याच्या पाठीमागे बसलेला 'ठोकळा', म्हणजे सुटे भाग सांभाळणारा, आडव्या बांध्याचा त्यांचा सहकारी, खुर्चीच्या पाठीवर ताल धरून ठोकत होता आणि प्रत्येक ठोका याच्या पाठीच्या कण्यात उतरत होता. मोठे साहेब त्याच्या कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. "राजे," ते म्हणाले, खुशीत असले की ते सगळ्यांनाच राजे म्हणायचे, "याच्या घरी फोन केला तर नवरा बोलतोय की बायको, कळायचंच नाही हो!" रांगेतल्या पाच-सहा जणांनी ते ऐकलं, सगळे हसले, आणि तोही हसला. हसू त्याला ओढून आणावं लागलं नाही. ते तोंडाशी तयारच होतं, नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडात ते तयारच असतं. पण हसून झाल्यावर त्याला आपल्या जबड्याची किळस आली.

कारण फोन खरंच तसा उचलला जायचा. त्याच्या लहानपणी, पार्टीचा मालक अवेळी बोलवायला लागला आणि बाबांना जायचं नसलं, की बाबा रिसीव्हर उचलून आईच्या आवाजात सांगायचे, "नाहीत हो ते घरी, बाहेर गेलेत." आई शेजारीच उभी असायची, पदर तोंडात कोंबून. तिचा 'हो' किती लांबवायचा, 'गेलेत' मधला 'त' कसा अर्धा गिळायचा, हे बाबांना इतकं अचूक जमायचं की आई एकदा चिडून म्हणाली होती, "मी मेले तरी तुमचं काही अडणार नाही." ती गेली. अडलं की नाही, हे त्याने बाबांना कधी विचारलं नाही. पण ती गेल्यानंतर काही दिवसांनी फोन वाजला होता, आणि बाबांनी तो उचलून, सवयीने, विचार न करता, तिच्या आवाजात म्हटलं होतं, "नाहीत हो ते घरी." मग रिसीव्हर जागेवर ठेवला होता आणि हात त्यावरच राहू दिला होता. तो दारात उभा होता. त्याने ते पाहिलं, ऐकलं, आणि आवाज न करता मागच्या मागे निघून गेला. आईचा आवाज त्याने शेवटचा ऐकला तो असा. आणि साहेबांच्या विनोदाला तो आत्ता हसला होता.

"कमाल आहे की नाही?" बाईसाहेब म्हणाल्या. "कमाल आहे," तो म्हणाला. समोर बाबा गिरक्या घेत होते, उजवा खांदा, डावा खांदा, प्रश्न, उत्तर, रुसवा, मनधरणी. त्यांचं वय होतं का हे करायचं? गुडघे दुखतात म्हणून घरात ते भिंतीला धरून उठतात. इथे टाचेवर फिरतायत. पुढच्या रांगेतल्या पोरींना उद्देशून त्यांनी बायकी मुरका मारला तेव्हा एक जण ओरडला, "लग्न करते का गं माझ्याशी?" आणि बाबांनी त्याच बाईच्या आवाजात ताबडतोब उत्तर दिलं, "आधी दात घासून ये!" सभागृह हशाने फुटलं. त्याचे कान तापले. पण त्याच वेळी त्याच्या आत कुठेतरी, खोल, एक पोरगं उड्या मारत होतं की बघा, बघा, माझे बाबा कसे जमवतात! त्या पोराचं तोंड त्याने दाबून धरलं होतं. कितीतरी वर्षं त्याने ते तसंच दाबून धरलेलं होतं. हल्ली ते फारसं धडपडत नसे, म्हणून त्याला वाटत होतं की संपलं.

बाबांना हे सोडायला त्यानेच सांगितलं होतं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. त्यांच्या घरात भांडणं होतच नसत, सगळं कसं समंजसपणे एकमेकांच्या अंगावर घातलं जाई. कंपनीच्या मुख्य इमारतीत नवी लिफ्ट बसली तेव्हा तो मोठ्या हौसेने बाबांना दाखवायला घेऊन गेला होता. लिफ्टमध्ये रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता, "कृपया दारापासून दूर उभे राहा." दोन मजले गेल्यावर लिफ्टमध्ये कंपनीची चार माणसं शिरली, दार मिटलं, आणि त्या बाईच्या आवाजात, अगदी तशाच कोरड्या अदबीने, सूचना आली, "कृपया पोट आत घ्या, वजन जास्त होत आहे." चारही माणसांनी पोटं आत घेतली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. बाबा छताकडे बघत निरागस चेहऱ्याने उभे होते. माणसं मनापासून हसली होती, एकाने बाबांच्या पाठीवर थापही मारली होती, पण उतरल्यावर त्याने गाडीत बसताना, काचेतून समोर बघत म्हटलं होतं, "बाबा, आता पुरे करा हे." "काय पुरे करू?" "हेच. बाईच्या आवाजाचं. मला इथे माणसांना तोंड दाखवायचं असतं." बाबा थोडा वेळ सीटबेल्टशी झटापट करत होते. तो त्यांना कधीच नीट लावता येत नसे. मग ते म्हणाले, "बरं." एवढंच. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, रुसवा नव्हता, दुसरा कुठलाही आवाज नव्हता. पुढे कधीतरी त्याने विचारलं तेव्हा, जॅकेट कुणाला तरी देऊन टाकलं असं ते म्हणाले होते, आणि घरात तो विषय मिटला होता.

मिटला कुठला. मनधरणीच्या शेवटी बाबांनी दोन्ही हात वर केले तेव्हा जॅकेटच्या बगलांखाली त्याला कापडाच्या दोन फिकट पट्ट्या दिसल्या. आता बाबांचं पोट सुटलं होतं, जुनं जॅकेट अंगाला बसेना म्हणून कुणीतरी ते दोन्ही बाजूंनी उसवून मध्ये पट्ट्या घातल्या होत्या. बारीक फुलांचं कापड होतं. तो त्या फुलांकडे बघत राहिला. ही फुलं त्याच्या घरी कोचावर होती. चार उशांना मिळून तसले चार अभ्रे होते, आणि गेल्या आठवड्यात तीनच दिसले म्हणून त्याने बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "धुवायला टाकलाय एक." म्हणजे तिला ठाऊक होतं. ती शिवायला बसली असणार, बाबा समोर हात पसरून उभे राहिले असणार, दोघं हसली असणार, आणि त्याच्या गाडीचा आवाज आला की सगळं टोपलीत कोंबलं असणार. कुठल्याही घरात असं एखादं माणूस असतं, ज्याच्यापासून गोष्टी लपवायच्या असतात. त्याच्या लहानपणी घरमालक होता, पार्टीचा मालक होता. आता आपल्या घरात ते माणूस आपण आहोत, हे त्याला उशीच्या अभ्र्याने सांगितलं, तेही मोठ्या साहेबांच्या शेजारी बसलेलं असताना.  

गाणं संपलं. टाळ्यांचा असा धबधबा कोसळला की निवेदकाचा आवाज ऐकू येईना. मागून 'वन्समोर, वन्समोर' सुरू झालं. मोठे साहेब हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होते. बाईसाहेब त्याच्याकडे वळल्या आणि त्यांनी खालच्या दिशेने पाहिलं. "हे काय? तुम्हाला आवडलं नाही वाटतं?" त्यानेही खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते. तळवे पालथे, बोटं जुळलेली. ते तसे कधी ठेवले गेले हे त्याला आठवेना. बाबांचं गाणं संपलं की त्याचे हात तसेच ठेवले जात. ते आईने ठेवलेले होते.

पार्टीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बायकापोरं सभागृहात कुठेतरी कडेला बसत, आणि त्यांच्यात एक रीत होती: आपल्या माणसाला आपण टाळी वाजवायची नाही. नव्याने लग्न होऊन आलेली एखादी उत्साहाने वाजवू लागली, की जुन्या बायका तिचा हात धरून खाली ठेवत. त्याचा हात आईने धरला होता. "सगळे वाजवतायत, मग मी का नको?" त्याने विचारलं होतं. आई म्हणाली, "आपणच आपल्या पानात वाढून घेतल्यासारखं दिसतं ते. लोकांनी वाढायचं असतं." त्याला ते पटलं नव्हतं. घरी येताना बाबांनी त्याला खरं कारण सांगितलं. "अरे, वर उभं राहिलं की सगळे दिवे डोळ्यांत. समोर एकही तोंड दिसत नाही, नुसता काळोख. पण टाळ्या सुरू झाल्या ना, की तो काळोख हलायला लागतो. हातच हात. आणि त्यात मध्येच कुठेतरी एक जागा हलत नाही. ती तुम्ही. मला कळतं, हां, इथे बसलीयेत घरची. मग मी पुढचं गाणं तिकडे बघून धरतो. घाबरायला होत नाही." तेव्हापासून तो दगडासारखा बसायला शिकला. लोक जितके जोरात वाजवत तितका तो जास्त स्थिर बसे, श्वाससुद्धा रोखून, की बाबांना आपण लांबून दिसावं. आणि बाबा खरंच वळत. मान किंचित कलती करून त्या काळोखातल्या बरोबर त्या जागेकडे बघत, आणि मग पुढचं गाणं सुरू होई. त्याच्या सबंध आयुष्यात कुणी त्याच्याकडे इतक्या खात्रीने पुन्हा कधी पाहिलं नव्हतं.

बाबांनी आत्ता मान कलती केली. ते रुमालाने मानेवरचा घाम टिपत होते, निवेदक त्यांच्याविषयी काहीबाही बोलत होता, वन्समोर चालूच होतं, आणि टिपता टिपता त्यांचा हात थांबला. ते थेट त्याच्या रांगेकडे बघत होते. त्यांना दिसत नाही, त्याने स्वतःला समजावलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, घरात ते साखर म्हणून मिठाची बरणी उघडतात, एवढ्या लांबचा चेहरा काय दिसणार. पण त्यांना चेहरा कधी लागलाच नव्हता. बाबांनी तळहात कपाळाशी आडवा धरला आणि एक पाऊल पुढे आले. त्यांच्या तोंडावरचं मघाचं मंचावरचं हसू गेलं होतं, आणि त्या जागी दुसरंच काही आलं होतं. घरात पोराची चाहूल लागल्यावर येतं तसं, साधं, वेंधळं. ते माइकमध्ये म्हणाले, स्वतःच्या आवाजात, "थांबा हं जरा. तिकडे... मध्यावर... कुणीतरी आहे का आमचं?" लोकांना वाटलं हाही खेळच. "आम्ही सगळे तुमचेच!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. "तसं नाही हो," बाबा म्हणाले, आणि वरच्या सज्ज्याकडे हात केला, "लाइटवाले दादा, एकदा जरा तिकडे टाका बरं. मधल्या रांगांवर."

प्रकाशाचा गोल मंचावरून उतरला. तो पहिल्या रांगेवर आला, तिथल्या माणसांनी हात हलवले. मग मागे सरकू लागला, सावकाश, एकेक डोकं उजळत. त्याला बोलायला वेळ होता. उभं राहायला वेळ होता. "साहेब, ते माझे वडील आहेत," एवढं एक वाक्य होतं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना फोनवरून धीर देताना तो याहून लांब वाक्यं बोलत असे. किंवा तेवढंही नको होतं. नुसतं काहीच न करता बसायचं होतं. हात आहेत तिथे राहू द्यायचे होते. त्याऐवजी त्याला शेजारी बडीशेपेचा वास आला, फोनवाला विनोद आठवला, त्यावर आपण हसलो ते आठवलं; आता ओळख दिली तर त्या हसण्याचं काय करायचं, हे त्याला कळेना. गोल दोन रांगांच्या अंतरावर आला. बाबा वाकून, डोळे बारीक करून बघत होते. आणि त्याने मांडीवरचे हात उचलले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

जोरात वाजवल्या. वेड्यासारख्या वाजवल्या, छातीसमोर धरून, चांगल्या दिसतील अशा. आपण कुणी नाही, आपण प्रेक्षक आहोत, तिकीट घेऊन आलेले, हे जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या मोठ्याने. गोल त्याच्यावर आला तेव्हा बाकी सगळं सभागृह कुतूहलाने शांत झालेलं होतं, आणि त्या पिवळ्या प्रकाशात तो एकटा टाळ्या वाजवत बसला होता. थांबता येईना. थांबलं तर हात पुन्हा मांडीवर जातील, याची त्याला भीती वाटत होती. उजव्या हातातली अंगठी डाव्या तळव्यावर, एकाच जागी, बदाबदा लागत होती. "वा, राजे! लाइट आला तुमच्यावर!" मोठे साहेब म्हणाले. मंचावर बाबांचा कपाळाशी धरलेला हात खाली आला. "नाही, नाही," ते हसून म्हणाले, "चुकलं माझं. म्हाताऱ्याचे डोळे! पण वाजवतायत बघा कसे मनापासून, भलं होवो तुमचं. चला हो, वन्समोर घेऊ." गोल पुन्हा मंचावर गेला, आणि तो काळोखात राहिला.

बाबा पुन्हा गायले. लोक नाचले, मागच्या रांगांत तर पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. शेवटच्या अंतऱ्यात बाईच्या आवाजाची जी उंच जागा होती, जिथे मघाशी बाबांनी शिरा ताणून आवाज पोचवला होता आणि सभागृहाने श्वास रोखला होता, तिथे या वेळी ते गेलेच नाहीत. अलीकडच्याच सुरावरून वळले आणि रुमाल उडवून गंमत केली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. बाईसाहेब तर म्हणाल्या की दुसऱ्यांदा जास्तच रंगलं. त्याच्या मात्र लक्षात आलं, आणि ते कुणाला सांगण्याची सोय त्याने ठेवली नव्हती.

पुढे कितीतरी गाणी झाली, त्यातलं एकही त्याला आठवत नाही. बाहेर पडताना मोठे साहेब उत्साहात होते. "चला, त्या दुहेरीबरोबर फोटो काढू. राजे, तुम्ही मधे उभे राहा, तुमचं त्याचं जमलंय आज!" "तुम्ही व्हा पुढे, मी गाडी बाहेर काढतो," तो म्हणाला. गाडी कुणाच्या आड आलेली नव्हती. तरी तो ती काढून रस्त्याला लागला, आणि घराचं वळण आलं तरी वळला नाही. दुकानांच्या काचा, सुट्टीची संध्याकाळ घालवायला निघालेली माणसं, बापाच्या खांद्यावर बसून फुगा सांभाळणारं एखादं मूल. एका चौकात दिवा हिरवा झाला तरी तो तसाच थांबला आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या खाऊन त्याला जरा बरं वाटलं. तो मनात वाक्य जुळवत होता. 'बाबा, मी होतो तिथे.' सोपं होतं. 'ते हात माझे होते.' नको, हे नाटकी होतं. 'बाबा, मी होतो तिथे', इतकंच. ते त्याने गाडीत मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज त्याचाच होता, पण उसना घेतल्यासारखा वाटला.

किल्लीने दार उघडून तो बूट काढायला वाकला तेव्हा स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज येत होता. पार्टीच्या गाडीने ते आधीच पोचले होते. "...एवढ्या माणसांत एकच जागा शांत," ते त्याच्या बायकोला सांगत होते, "अगं, घाम टिपता टिपता थांबलोच मी. म्हटलं, आला. कसा का कळेना, पण कळलं त्याला, आणि आला. वेड्यासारखा लाइटवाल्याला लाइट टाकायला लावला." "मग?" बायकोने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता, कारण नवरा ऑफिसच्या माणसांबरोबर कुठल्याशा कार्यक्रमाला गेलाय एवढं तिलाही माहीत होतं, आणि कुठल्या ते माहीत नव्हतं. "मग काय! बघतो तर तो टाळ्या वाजवतोय. असा वाजवतोय की विचारू नकोस. परका होता कुणी." बाबा हसले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "असू दे. परकं माणूस तरी एवढं कुठे वाजवतं."

तो मुद्दाम खोकला. बूट आपटले. आतलं बोलणं जागच्या जागी थांबलं, आणि तो दारात पोचला तेव्हा घरचा डाव मांडून झाला होता. बायको पाठमोरी, भांडी विसळत होती. बाबा घरच्या बनियनवर टेबलाशी बसले होते, चेहरा साबणाने घासून लाल केलेला, तरी कानामागे मेकअपचा एक गुलाबी पट्टा राहून गेला होता. कोपऱ्यातल्या कपड्यांच्या टोपलीवर टॉवेल झाकलेला होता. "आलास?" बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू अजून पिकायचाय. घाई नाही." "बरं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द अगदी बाबांसारखा निघाला. "कसा झाला तुमचा कार्यक्रम?" बायकोने न वळता विचारलं. आता बोलायचं होतं. वाक्य तोंडात होतं, रस्ताभर घोळवून गुळगुळीत झालेलं. तो म्हणाला, "ठीक होता."

बाबांनी त्याच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. त्याने डावा हात पुढे केला, आणि पेल्याला बोटं लागली तशी तळव्यातून कळ आली. हात नकळत मागे आला, पाणी सांडलं. "काय झालं?" बाबा म्हणाले. "काही नाही." पण बाबांनी त्याचं मनगट धरलं होतं. त्यांनी तो हात उताणा केला आणि, अलीकडे सगळंच ते तसं बघत, अगदी डोळ्यांजवळ नेला. तळव्याच्या मध्यावर, अंगठी लागून लागून, गोल सूज आली होती आणि ती निळी पडू लागली होती. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग त्याचा उजवा हात उचलून त्यातली अंगठी चाचपली. नळ चालू होता, बायकोने तो बंद केला. तिने वळून एकदा त्या हाताकडे आणि एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओला हात तोंडावर ठेवला. त्याला वाटलं, आता बाबांनी काहीतरी बोलावं, ओरडावं, निदान हात सोडून द्यावा.  बाबांनी हात सोडला नाही. दोन्ही हात त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तळवे पालथे, बोटं जुळवून, आणि आपला हात थोडा वेळ त्यांवर ठेवला.

"थंड पाण्याखाली धर जरा," ते म्हणाले. "सवय नसली की टाळ्यांनी असं होतं."